बारीक माणसांची साखर

साखरेचा आजार कोणाला होतो, असे आपल्या हुबळी-धारवाडात कोणालाही विचारून पाहावे. पोट सुटलेला, खुर्चीत बसून काम करणारा, येता-जाता पेढा तोंडात टाकणारा माणूस प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येतो. पेढ्याच्या गावात राहणाऱ्यांना हे उत्तर सुचावे यात नवल नाही. पण आपल्याच मंडळातल्या, आपल्याच गल्लीतल्या मधुमेही मंडळींची मनातल्या मनात मोजदाद केली, तर त्यात निम्म्याहून अधिक माणसे चांगली सडसडीत निघतात. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली, सायकलीवरून कामावर गेलेली, पँटला पट्टा आवळून बांधावा लागतो अशी. ‘आमचे वजन पंचावन्न किलो, आम्हाला कसली साखर?’ असे म्हणणारी ही माणसे तपासणीचा कागद हातात आला की चक्रावून जातात. कानडी शेजारी ज्याला ‘सक्करे कायिले’ म्हणतात तो हाच आजार. दोन्ही भाषांनी त्याला साखरेचे नाव दिले आणि सारा दोष साखरेवर ढकलून दोन्ही मोकळ्या झाल्या.

बारीक माणसाला हा आजार का व्हावा, हा प्रश्न ज्यांनी चाळीस वर्षे सोडला नाही, असे एक डॉक्टर पुण्यात आहेत. त्यांचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे ते प्रमुख. त्यांच्या कामाचा इतिहास यंदाच्या स्मरणिकेत सांगावा असे आम्हाला वाटले. आम्ही वैद्यकातले नव्हे, पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलेली माणसे. पण मोजणे आणि नोंदी ठेवणे हेच आमचे रोजचे काम. याज्ञिकांच्या सगळ्या शोधांच्या मुळाशी मोजणे आणि नोंदी याच दोन गोष्टी आहेत, म्हणून हे धाडस.

थोडे मागून सुरुवात करू. आपल्याकडे मधुमेहाची ओळख फार जुनी. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला. दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्या प्रकारचा स्थूल, असेही तिथे म्हटले आहे. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असा कोणी काढू नये. तसे म्हणण्याची आपल्याकडे हौस असते. पण रोग्याकडे नीट पाहणाऱ्या वैद्याला कृश मधुमेही वेगळा उठून दिसला होता, एवढे त्यातून नक्की कळते.

त्यानंतरची मोठी पायरी कॅनडातल्या टोरांटो शहरातली. तिथे १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. १९२३ साली बँटिंग आणि त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना नोबेल मिळाले. इन्सुलिन कमी पडले की मधुमेह होतो, असा सरळ हिशेब तेव्हा मांडला गेला. तो पुढे चुकायला लागला तो मोजमापाची सोय झाल्यावर. १९५९-६०च्या सुमारास अमेरिकेत रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची रीत शोधली. मग दिसले की पुष्कळ मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन कमी नसतेच, काहींच्यात तर ते उलट जास्तच असते.

हे कोडे समजून घ्यायला हुबळी-धारवाडच्या माणसाला पुस्तक लागत नाही. मलप्रभेचे पाणी ज्यांनी आठ-आठ दिवस वाट पाहून भरले, त्यांना नळाचा दाब म्हणजे काय ते चांगले माहीत आहे. जलवाहिनीत आतून गाळ आणि गंज धरला की तेवढेच पाणी पोहोचवायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो. घरातल्या नळाला पाणी नेहमीसारखेच येते, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही. पण पंपघरातल्या माणसाला काटा चढलेला दिसतो. अशी काही वर्षे गेली की एके दिवशी पंप जळतो. आपल्या शरीरातला पंप म्हणजे स्वादुपिंड, आणि त्याचा जोर म्हणजे इन्सुलिन. रक्तातली साखर वर्षानुवर्षे ठीक दिसते आणि आत इन्सुलिनचा काटा चढत असतो. शरीराने इन्सुलिनला अशी दाद न देणे, याला इन्सुलिन-रोध म्हणतात. साखर वाढलेली कळते तेव्हा पंप थकायला लागलेला असतो. तेव्हा आजार कुठून सुरू झाला हे पाहायचे तर साखर वाढण्याच्या पुष्कळ आधी जाऊन इन्सुलिन मोजायला हवे. किती आधी? याज्ञिकांचे आयुष्य या ‘किती आधी’च्या मागे गेले.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले हे डॉक्टर पुढे संशोधनासाठी ऑक्सफर्डला गेले आणि १९८०च्या दशकात पुण्यात परतून के.ई.एम.मध्ये रुजू झाले. तिथे येणारे रुग्ण विलायती पुस्तकातल्या वर्णनाशी जुळेनात. पुस्तकातला मधुमेही साठीच्या घरातला आणि लठ्ठ. पुण्यात येत होता तो चाळिशीतला, कधी पस्तिशीतला आणि वजनकाट्यावर अगदी बेताचा. मात्र टेप घेऊन कंबर मोजली की ती अंगाच्या मानाने मोठी भरे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पुरुषांकडे एक नजर टाकली तरी ती दिसते. आपल्याला ती रोज दिसते म्हणून आपण तिच्याकडे पाहतच नाही. याज्ञिकांनी ती मोजून लिहून ठेवली.

त्या काळात बारीक मधुमेहींसाठी एक स्वतंत्र खाते होते. कुपोषणाशी संबंधित मधुमेह असा एक प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली मान्य केला होता, आणि १९९९ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून तो यादीतून काढला. गंमत अशी की २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तोच प्रकार ‘टाइप ५’ या नावाने पुन्हा मान्य केला. खाती बंद होणे आणि नव्या नावाने उघडणे हे आम्हा सरकारी लोकांना काही नवे नाही. पण यादीत काय आहे काय नाही, याच्यावर याज्ञिकांचा प्रश्न अवलंबून नव्हता. त्यांच्यासमोरचे बहुसंख्य रुग्ण उपाशी असलेले नव्हते. साधारण खाऊन-पिऊन असलेली, बारीक दिसणारी माणसे होती ती.

इथे इंग्लंडातल्या एका माणसाचे काम सांगणे भाग आहे. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशायर या परगण्यातल्या सुईणींच्या जुन्या नोंदवह्या मिळाल्या. १९११ पासून तिथे मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य परिचारिकेने प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि वर्षाच्या वाढदिवसाचे वजन वह्यांत लिहून घेण्याचा शिरस्ता घातला होता. साठ-सत्तर वर्षांनी बार्करांच्या माणसांनी त्या वह्यांतली बाळे म्हातारी होऊन कुठे राहतात ते शोधले. जन्माच्या वेळी हलकी असलेली बाळे पुढे हृदयविकाराने आणि मधुमेहाने जास्त आजारी पडलेली निघाली. त्या बाईंनी वह्या ठेवल्या तेव्हा हृदयविकार त्यांच्या मनातही नसेल. ‘ही माहिती कशाला भरायची’ म्हणून नोंदवहीशी हुज्जत घालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, असे आम्हाला वाटते. आम्हीही त्यातच आलो.

बार्करांचे म्हणणे पुष्कळांना पटले नाही. म्हातारपणचा आजार आईच्या पोटात सुरू होतो हे ऐकायलाच विचित्र. पण पुण्यात बसलेल्या याज्ञिकांना त्यात आपल्या कोड्याची किल्ली दिसली. बाळे हलकी जन्मावीत यात भारताचा हात कोण धरणार? आणि इंग्लंडात साठ वर्षे थांबावे लागले तसे आपण थांबायचे कशाला? के.ई.एम.मध्ये जन्मलेली, वजनाची नोंद असलेली मुले चार वर्षांची झाली तेव्हा त्यांना बोलावून, साखर पाजून, रक्त तपासले. जी मुले जन्मतः हलकी होती त्यांच्या रक्तात अर्ध्या तासानंतर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त होते. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बालवाडीच्या वयाची मुले ही. त्यांचा पंप तेव्हाच जास्त जोर लावत होता.

तीच मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. १९९९ सालच्या त्या अहवालातले वाक्य आयांच्या काळजाला हात घालणारे आहे. सर्वांत जास्त इन्सुलिन-रोध कोणात, तर जी जन्मतः सर्वांत हलकी होती आणि आठव्या वर्षी सर्वांत वजनदार झाली होती त्यांच्यात. अशक्त जन्मलेल्या लेकराला तूप-साखर चारून ‘भरून काढायचे’, ही आपल्या घराघरातली माया. ती नेमकी उलटी पडत होती.

पण हलके बाळ मुळात हलके का जन्मते, हे रुग्णालयाच्या वह्यांत सापडणार नव्हते. आई बाळंतपणाला येते तेव्हा नऊ महिने होऊन गेलेले असतात. त्यासाठी गावात जायला हवे होते, तेही बाई गरोदर राहण्यापूर्वी. के.ई.एम.ला खेड्याची वाट नवीन नव्हती. डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू इथे ग्रामीण रुग्णालय उभे करून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. त्या कामाबद्दल त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी याज्ञिकांचे मोठे काम सुरू झाले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतले हे मातृपोषण संशोधन जगात ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने ओळखले जाते. वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचे पैसे, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांची साथ आणि पुण्याच्याच आगरकर संशोधन संस्थेतल्या आहारतज्ज्ञ डॉ. शोभा राव यांचा मोठा वाटा.

काम कसे चाले ते पाहिले की छाती दडपते. सहा गावांतल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नावनोंदणी झाली. दर महिन्याला कार्यकर्ती घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची. खेड्यातल्या घरात, सासूच्या समोर, हा प्रश्न विचारणे आणि दर महिन्याला विचारणे म्हणजे काय, हे जनगणनेच्या कामाला गेलेल्या आमच्यासारख्यांना सांगायला नको. वय विचारले तरी लोक उंबऱ्यावरून परत पाठवतात! पाळी चुकली की सोनोग्राफी, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आईचे वजन, रक्त, खाणे-पिणे, दिवसभराचे कष्ट यांची नोंद. घरातल्या वाट्यांच्या मापाने ती काय खाते ते लिहायचे. बाळ जन्मले की बहात्तर तासांच्या आत, ते कुठेही जन्मलेले असो, तिथे जाऊन मोजमापे घ्यायची. वजन, लांबी, डोके, दंड, पोट आणि चिमट्यासारख्या उपकरणाने कातडीखालच्या चरबीची जाडी. सातशेहून अधिक बाळे अशी मोजली गेली.

या आयांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास आणि उंची पाच फूट. दिवसभर शेतात, विहिरीवर, चुलीपुढे राबणाऱ्या. जितके काम जास्त तितके बाळ लहान, हेही त्या नोंदींत दिसले. खाण्याच्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. आई एकूण किती खाते याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा मेळ बसेना. मेळ बसला तो पालेभाजी, फळे आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. चाळीस किलोहून कमी वजनाच्या आयांमध्ये तर पालेभाजीचा फरक सर्वांत ठळक. आपल्या धारवाड भागात भाकरीबरोबर पुंडीपल्ले, म्हणजे अंबाडी, ही गरिबाघरची भाजी. मुलाकडची मंडळी जेवायला आली की आपण ती लपवतो आणि पनीर मागवतो.

बाळे सरासरी सव्वीसशे-सत्तावीसशे ग्रॅमची. इंग्लंडात, साउदॅम्प्टनला, त्याच काळात मोजलेली बाळे साडेतीन किलोची. पुण्याची बाळे सगळ्याच बाबतींत लहान असणार, अशीच अपेक्षा होती. पोटाचा घेर सर्वांत लहान, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा लावून पाहिले तर चरबी जवळपास इंग्लिश बाळाइतकीच! पावणेतीन किलोचे किडकिडीत दिसणारे बाळ, आणि चरबी राखून ठेवलेली. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि ‘बारीक पण चरबीदार भारतीय बाळ’ हा शब्दप्रयोग जगभर गेला. त्याच्या आदल्या वर्षी याज्ञिकांनी पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेतले रक्त तपासून पाहिले होते. पुण्याची बाळे कितीतरी हलकी, पण नाळेतल्या रक्तात इन्सुलिन जास्त. ‘किती आधी’ या प्रश्नाची पीछेहाट चाळिशीतून आठव्या वर्षावर, तिथून चौथ्यावर आणि आता जन्माच्या क्षणावर येऊन ठेपली होती.

मग २००४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आले. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक लंडनचे जॉन यडकिन, दुसरे आपले याज्ञिक. दोघेही सडपातळ. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे पुस्तकाप्रमाणे उत्तम. क्ष-किरणांच्या यंत्राने अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. यडकिन आणि याज्ञिक या दोन्ही नावांचे इंग्रजीतले पहिले अक्षर एकच, म्हणून या छोट्या लेखाचे नाव ‘वाय-वाय विरोधाभास’ पडले. हजार रुग्णांच्या तक्त्यांनी जे लोकांच्या डोक्यात शिरले नसते, ते या एका छायाचित्राने शिरवले. स्वतःचीच चरबी जगासमोर मांडायला थोडा मोकळेपणा लागतो. आमच्या मंडळातले पुरुष सभासद वार्षिक आरोग्य तपासणीत कंबर मोजायची वेळ आली की श्वास ओढून धरतात.

त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचाही अहवाल त्याच नियतकालिकात आला. आशियाई माणसांना पंचवीसच्या आकड्याची वाट पाहू देऊ नका, तेवीसपासूनच सावध करा, असे त्यात होते. पुढच्या वर्षी कमरेसाठीही आकडे आले. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८० सेंटिमीटर ही हद्द. आज आपल्या विद्यानगरातल्या कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर वजनाबरोबर कंबर मोजतात, त्यामागे पुण्याच्या नोंदवह्यांचाही वाटा आहे.

आपल्या कर्नाटकातही असेच एक काम झाले, ते इथे सांगितले नाही तर अन्याय होईल. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन रुग्णालयात १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. आधी उल्लेख केलेल्या कॅरोलाइन फॉल यांनी त्या नोंदींवरून चाळीस-पन्नाशी गाठलेली माणसे शोधली. तिथे चित्र थोडे निराळे निघाले. लांबीच्या मानाने गुटगुटीत जन्मलेली आणि वजनदार आयांची मुले पुढे जास्त मधुमेही झालेली. म्हणजे कृश आईचे हलके बाळ हा एक रस्ता, आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या आईचे जड बाळ हा दुसरा. दोन्ही रस्ते शेवटी एकाच दवाखान्याच्या दारात येतात. म्हैसूरच्या पाहणीमुळे पुण्याचे काम खोटे ठरले नाही, त्याची दुसरी बाजू दिसली. आपल्या शहरांत आजकाल एकाच घरात हे दोन्ही रस्ते दिसतात. आजी बेचाळीस किलोची, सून पंच्याहत्तर किलोची.

पुण्याच्या कामाचा पुढचा टप्पा मात्र आपल्या ताटाशी अधिक जवळून भिडणारा. सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचे साठवून ठेवलेले रक्त तपासले तेव्हा दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. फोलेट नावाचे, पालेभाजीतून मिळणारे जीवनसत्त्व मात्र जवळजवळ सगळ्यांत ठीक होते. कमतरता फक्त एका आईत सापडली. बी-१२ वनस्पतीत नसते. दूध, अंडी, मांस-मासळी यांतूनच ते मिळते. दूध डेअरीला आणि घरात उरले तर ते पुरुषांच्या आणि पोरांच्या चहात, ही तिथली आणि इथलीही रीत. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्या मुलांत इन्सुलिन-रोध सर्वांत जास्त. २००८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी म्हैसूरहून बातमी आली की तिथल्या गरोदर स्त्रियांपैकीही ४३ टक्क्यांत बी-१२ कमी आहे, आणि अशा स्त्रियांत गरोदरपणी मधुमेह जास्त होतो.

यावरून कोणी गरोदरपणातली फोलिकची गोळी बंद करावी असे नाही. बाळाच्या मणक्याच्या जन्मजात व्यंगापासून ती वाचवते. प्रश्न एवढाच की सरकारी गोळीत लोह आहे, फोलिक आहे, पण बी-१२ नाही. भरपूर शाकाहारी लोकसंख्येच्या देशात ती जोड नसावी, ही याज्ञिकांनी दाखवलेली उणीव आम्हाला धोरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते. सरकारी यंत्रणेत एखादी गोळी बदलायला किती टेबले ओलांडावी लागतात ते आम्ही जाणतो.

या सगळ्यावर आक्षेप नाहीत असे नाही. मधुमेहात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. शहरात आल्यावर चालणे सुटते, बाहेरचे खाणे वाढते, झोप कमी होते, हेही खरे. आयांच्या पोषणावर बोट ठेवले की समाज लगेच आयांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, ही भीती तर रास्तच आहे. आमचे मत विचाराल तर त्या सहा गावांच्या वह्या आईवर आरोप ठेवत नाहीत. त्या तिच्या घरावर ठेवतात. बेचाळीस किलोची बाई विहिरीवरून घागरी आणते आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते, ही तिची निवड नव्हती. आपल्या उत्सवात महाप्रसादाच्या पंगती उठतात तेव्हा वाढणाऱ्या बायका शेवटी बसतात. त्यांच्या पानात काय उरलेले असते ते यंदा कार्यकारिणीने एकदा पाहावे.

त्या सहा गावांतली मुले २०१२च्या सुमारास अठराची होऊ लागली. पुन्हा तपासणी झाली. गावात वाढलेली पोरे, अंगाने बारीक. बीएमआयची सरासरी विसाच्याही खाली. तरी मुलींपैकी १८ टक्के आणि मुलग्यांपैकी ३७ टक्के यांची रक्तातली साखर वाढलेली निघाली. अठराव्या वर्षी! यांपैकी कोणाच्याही पोटाला टायर नव्हते, कोणी खुर्चीत बसून महिनाअखेर करणारे नव्हते. जन्मापासून ज्यांच्या नोंदी आहेत अशी इतकी मुले भारतातल्या खेड्यात दुसरीकडे फारशी नाहीत, म्हणून हा आकडा सहज झटकून टाकता येत नाही. पुढे स्वीडनच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी ऐन तरुणपणी मधुमेह झालेल्या पुण्याच्या रुग्णांची वर्गवारी केली. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये इन्सुलिनचीच तूट सर्वांत ठळक दिसली. युरोपात जो गट छोटा असतो तो इथे सर्वांत मोठा. आमच्या भाषेत सांगायचे तर जलवाहिनीला गंज आहेच, पण पंपही पहिल्यापासून कमी अश्वशक्तीचा बसवलेला.

नुसते मोजत राहण्यापेक्षा काही करून पाहावे, म्हणून त्याच वर्षी ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. १९९४ ते ९६च्या दरम्यान जन्मलेल्या त्याच मुला-मुलींना, लग्न होण्यापूर्वीपासून, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. कोणाला नुसते, कोणाला इतर जीवनसत्त्वांबरोबर, आणि तुलनेसाठी एका गटाला त्याशिवायची गोळी. डोस मुद्दाम लहान ठेवला, एखाद-दोन पेले दुधातून मिळावा एवढाच. विचार असा की गरोदर राहिल्याचे कळते तेव्हा बाळाच्या घडणीचे पहिले, नाजूक आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून आईला तिच्या आईपणाच्या कितीतरी आधी गाठायचे. आणि बापालाही, कारण अर्धे बीज त्याचे.

त्यातल्या पुष्कळ मुली पुढे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या. के.ई.एम.चे कार्यकर्ते त्यांच्या मागोमाग सासरी आणि माहेरी गेले, बाळंतपणाच्या वेळी हजर राहिले, नाळेतले रक्त घेतले. तीस वर्षांपूर्वी ज्या मुलीच्या पाठीला चिमटा लावून चरबी मोजली होती, तिच्याच बाळाच्या पाठीला पुन्हा चिमटा लागला. वजन, लांबी, डोके, दंड, पोट. त्याच नोंदवहीत, आजीच्या नावाखाली आईचे नाव आणि आईच्या नावाखाली आता नातवंडाचे.